तुमच्या लेव्हलला कुठला मॅचअप खरा? फायटिंग गेममधली जोड ओळखायची कशी

बेळगावच्या शहापुरात आमच्या एका दोस्ताच्या माडीवर दर रविवारी स्ट्रीट फायटर सिक्स हा मारामारीचा व्हिडिओ गेम चालतंय. सहा-सात जण जमतो, निपाणीहून एक पोरगा येतोय, उद्यमबागेत कामाला असलेले दोघं आहेत, आणि सुट्टी असली की माझा भाचा खानापूरहून येतोय, अकरावीला आहे, झांगीफ घेऊन खेळतोय, जवळ जाऊन पकडून आपटणारा पैलवान कॅरेक्टर. मागच्या खेपेला तो निपाणीकराच्या गाईलकडनं, म्हणजे लांबून मारणाऱ्या कॅरेक्टरकडनं, सलग सात मॅच हरला आणि पॅड खाली ठेवून मला म्हणाला, "मामा, माझं काय चुकालंय सांग की, हा मॅचअपच तसला आहे, चार्टवर लिहिलंय गाईल जिंकतोय म्हणून." मॅचअप म्हणजे कुठल्या कॅरेक्टरची कुणाशी गाठ, आणि चार्ट म्हणजे त्यात कोण किती जिंकतो त्याचा तक्ता.

मी म्हटलं बस इथं, मोजूया. हरलेल्या तीन राऊंडचे रिप्ले लावले, वही घेतली आणि मार लागला की एक रेघ. सतरा रेघा झाल्या. त्यातले अकरा नुसते सॉनिक बूम, म्हणजे गाईल लांबून फेकतो तो मार, ते पण सरळ चालत जाताना अंगावर घेतलेले. पाच इकडचे तिकडचे, थ्रो आणि खालच्या लाथा. आणि फ्लॅश किक, म्हणजे उडी मारून येणाऱ्याला खाली पाडणारी गाईलची लाथ, जिच्या भीतीनं ह्यानं उडी मारायचं जवळजवळ सोडलं होतं, ती किती लागली तर एक. पूर्ण तीन राऊंडमधी त्यानं सहा उड्या मारलेल्या आणि त्यातल्या पाच वेळा गाईल नुसता उभा राहून बघालाय, काहीच करत नाही. म्हणजे चार्टवरचा जो गाईल आहे तो उडी आली की खाली पाडतोय आणि आमच्या माडीवरचा गाईल सहात एकदा पाडतोय, हे दोन वेगळे गाईल झाले आणि भाचा चार्टवरच्या गाईलला घाबरून माडीवरच्या गाईलकडनं हरालाय.

सगळं लिहायचं कारण हेच. ऑनलाईन मॅचअप चार्ट बघून पोरं कॅरेक्टर सोडतात, गेम सोडतात, आणि ज्याच्यामुळं हरतात ते तसंच राहतंय. मला हे बघून खरंच वाईट वाटतंय कारण चांगले हात असलेली तीन-चार पोरं माझ्या डोळ्यादेखत अशी गेली.

तर आधी चार्ट म्हणजे काय ते बघा. चार्टवर 6-4 लिहिलं असलं तर त्याचा अर्थ असा की दोघं सारख्याच ताकदीचे आहेत, दोघांना आपलं कॅरेक्टर पुरं येतंय, समोरच्याचं पण पुरं माहीत आहे, आणि असे दोघं दहा मॅच खेळले तर एक सहा घेईल दुसरा चार. हा आकडा काढणारे बहुतेक टुर्नामेंट खेळणारे लोक असतात आणि ते त्यांच्या लेव्हलला बरोबर पण असतात. पण त्यातला "दोघांना पुरं येतंय" हा जो भाग आहे तो आपण वाचतच नाही, डायरेक्ट आकडा उचलतो.

आमच्या बेळगावात कुस्ती जुनी. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान असलं की जोड लावणारी जुनी माणसं नुसतं वजन बघून जोड लावत नाहीत, पोरगं तालमीत किती वर्षं आहे, वस्ताद कोण, ढाक मारतंय का, एकलंगीवर जातंय का, दम किती टिकतोय, सगळं विचारतात आणि मग हलगीवर नाव पुकारतात. मॅचअपला आपल्याकडं हाच शब्द आहे, जोड. कॅरेक्टर म्हणजे फार तर वजन झालं, जोड लावायला बाकीचं सगळं बघावं लागतंय.

आता गाईल आणि झांगीफ हीच जोड घेतो कारण ह्यात सगळं दिसतंय. मी सांगतोय ती माझी समजूत, सात-आठ पोरांना शिकवून झालेली, पण मला ती पक्की वाटते.

एकदम खालच्या लेव्हलला, रूकी, आयर्न, ब्रॉन्झ, तिथं ही जोड झांगीफच्या बाजूनं आहे. कारण गाईल चार्जवाला आहे. सॉनिक बूमला मागं दाबून धरायचं मग पुढं आणि पंच, फ्लॅश किकला खाली दाबून धरायचं मग वर आणि किक. नवीन खेळणारा बूम मारतो आणि लगेच पुढं चालायला लागतो, चालला की चार्ज गेला, आणि नेमकी त्याच वेळी झांगीफची उडी येते, तो घाईघाईत वर-किक दाबतो आणि नुसतीच उडी निघते. झांगीफची हेल्थ 11,000, गाईलची 10,000, आणि एक स्क्रू पाईलड्रायव्हर, त्याची पकडून आपटायची मूव्ह, बसला की साधारण चौथा हिस्सा जातोय. स्क्रू पाईलड्रायव्हरला दांडी गोल फिरवावी लागते, ते नवीन पोराला जमत नाही हे खरं, पण मॉडर्न कंट्रोलवर, म्हणजे गेममधल्या सोप्या बटणांच्या पद्धतीवर, तो एका बटणावर पण निघतो. डॅमेज 20 टक्के कमी मिळतो, तरी त्या लेव्हलला तेवढं बास झालं.

मग मधली लेव्हल येते, सिल्व्हरपासनं प्लॅटिनमपर्यंत धरा. आता गाईलवाल्याला कळलं की बसून हेवी पंच मारला तरी उडी पडते, त्याला चार्ज पण लागत नाही. झांगीफची उडीची वाट बंद झाली, आणि दुसरी वाट त्याला अजून येत नाही. ही दुसरी वाट म्हणजे ड्राईव्ह पॅरी, समोरून आलेला मार झेलून अडवायची युक्ती. बूम पॅरीनं घेतला तर डॅमेज नाही आणि वर ड्राईव्ह गेज, म्हणजे असल्या युक्त्या वापरायला लागणारी पट्टी, भरतो, असं पॅरी, दोन पावलं, पॅरी, दोन पावलं करत यायचं. पण त्याला धीर लागतोय, मधल्या लेव्हलच्या झांगीफला धीर नसतो, तो चौथ्या बूमला चिडून उडी मारतोच. त्यामुळं ह्या पट्ट्यात ही जोड चार्टपेक्षाही जास्त गाईलकडं झुकलेली असते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि झांगीफ सोडणारी पोरं पण ह्याच पट्ट्यात सोडतात.

त्याच्या वर, डायमंड, मास्टर, तिथं झांगीफ पॅरीनं येतो, गाईल मागं सरकत सरकत कोपऱ्यात जातो आणि कोपऱ्यात झांगीफ म्हणजे सुटका नाही. तिथं गाईलवाल्याला एकेक बूम कुठला स्लो कुठला फास्ट ते विचार करून मारावा लागतो. चार्टवरचा आकडा हा ह्या दोघांचा आहे. म्हणजे एकच जोड, आधी इकडं झुकली, मग तिकडं, मग जवळपास मधी आली. तुम्ही ह्यातल्या कुठल्या पायरीवर उभे आहात ते कळल्याशिवाय आकड्याचा उपयोग नाही.

हे फक्त स्ट्रीट फायटरचं नाही. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाला एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं, एक रुपयाचं कॉईन, किंग ऑफ फायटर्स 97. तिथं एक मोठा पोरगा चँग घ्यायचा, तो साखळीला लोखंडी गोळा बांधलेला, आणि पंचचं बटण बडवत गोळा गरागरा फिरवत बसायचा. आम्ही सगळे इओरी, क्यो घेऊन त्यात धडाधड घुसायचो आणि मरायचो, महिनाभर त्या दुकानात चँग सगळ्यात भारी कॅरेक्टर होता. मग एकानं नुसतं लांब थांबून बघितलं, गोळा थांबला की चँग तसाच उघडा राहतोय, तेव्हा आत शिरायचं. आठ दिवसात चँगवाल्याचे कॉईन संपायला लागले. कॅरेक्टर तोच, गेम तोच, दुकानातल्या पोरांना एक गोष्ट कळली एवढंच बदललं.

उलटं पण असतंय, काही कॅरेक्टर हात बसेपर्यंत अर्धेच असतात. टेकन सेव्हनमधी काझुयाचा इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट बघा. पुढं, दांडी सोडायची, खाली, मग खाली-पुढं आणि पंच, ह्यातलं शेवटचं खाली-पुढं आणि पंच एकाच फ्रेमला पडलं पाहिजे. सेकंदाला 60 फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा साठावा हिस्सा. बरोबर पडला तर समोरच्यानं ब्लॉक केला तरी तुम्ही त्याच्या 5 फ्रेम पुढं, म्हणजे तेवढे आधी मोकळे. एक फ्रेम चुकला तर साधा विंड गॉड फिस्ट निघतो आणि तो ब्लॉक झाला की तुम्ही 10 फ्रेम मागं, आणि टेकनमधी बहुतेकांचा जॅब, म्हणजे सगळ्यात झटपट पंच, 10 फ्रेमचा असतो म्हणजे तो तुम्हाला लागणारच. हात दोन्हीत सारखाच उठतो, फक्त बरोबर पडलेल्याला विजेची चमक असते. आता सांगा, दहातले तीन बरोबर पडणारा काझुया आणि दहातले नऊ बरोबर पडणारा काझुया ह्यांना एकाच चार्टवर कसं बसवायचं?

म्हणून स्वतःचा चार्ट स्वतः करायचा. तो कसा करायचा ते सांगतो, आमच्याकडं आम्ही असंच करतो.

पहिलं, रँक विसरून तुमच्या हातात आज काय आहे ते बघा. रँक बघायचीच असली तर स्ट्रीट फायटर सिक्समधी 25,000 पॉईंटला मास्टर मिळतो हे सगळ्यांना माहीत असतंय, पण दोन प्लॅटिनमवाले एकसारखे नसतात. मी पोरांना चारच गोष्टी विचारतो. समोरचा दहा वेळा उडी मारून आला तर तुम्ही किती वेळा पाडता. ब्लॉक झाल्यावर उघडी पडणारी मूव्ह समोरून आली तर तुम्ही मारता की नुसतं हायसं वाटून सोडून देता. पडून उठताना दर वेळी तेच बटण दाबता का. आणि तुमचा मुख्य कॉम्बो मॅचमधी, ट्रेनिंगमधी नाही मॅचमधी, दहात किती वेळा पुरा होतो. चारही मोजायला सोपे आहेत आणि खरं खरं मोजलं तर झोंबतात. समोरच्याचे पण हेच चार मोजा, तेवढंच महत्त्वाचं आहे, कारण भाच्याच्या केसमधी उत्तर समोरच्याच्या आकड्यात होतं, सहात एक.

दुसरं म्हणजे वही. ज्या कॅरेक्टरकडनं हरता त्याच्या नावाचं एक पान करा, हरलेल्या तीन राऊंड बघा आणि मार लागला की रेघ ओढा, कशानं लागला ते बाजूला. जिंकलेल्या राऊंड बघू नका, त्यात मन रमतं पण हाताला काही लागत नाही. तीनच राऊंड, जास्त नको, कंटाळा येऊन सोडून द्याल. मग रेघा बघून विचारा की हा मार तीनपैकी कुठल्या कारणानं लागला: माहीत नव्हतं म्हणून, माहीत होतं पण हात चालला नाही म्हणून, की माहीत पण होतं हात पण चालतो पण तेव्हा चुकीचं ठरवलं म्हणून. ही वाटणी सगळ्यात महत्त्वाची, कारण तिन्हीचं औषध वेगळं आहे.

माहीत नव्हतं हे सगळ्यात स्वस्त, एका संध्याकाळीचं काम. होंडाची डोक्याची धडक, ब्लँकाचा गोळा होऊन येणं, टेकनमधला किंग आणि त्याचे थ्रो, ही खालच्या लेव्हलला लोकांना राक्षस वाटतात आणि वर गेलं की तेवढे वाटत नाहीत, ते ह्याच कारणानं. ट्रेनिंग मोडमधी जा, डमीला, म्हणजे समोर नुसता उभा असतो त्याला, तेच कॅरेक्टर घ्या आणि ती मूव्ह रेकॉर्ड करा. स्ट्रीट फायटर सिक्समधी रेकॉर्डिंगचे आठ स्लॉट आहेत. एकात ब्लँकाचा रोल ठेवा, दुसऱ्यात उडी मारून येणं, तिसऱ्यात नुसतं चालत येऊन थ्रो, आणि डमीला रँडम प्लेबॅकवर लावा म्हणजे पुढं काय येणार ते तुम्हाला कळणार नाही. हा रँडमचा भाग सोडू नका, एकच मूव्ह पुन्हा पुन्हा आली तर हात पाठ करतात आणि डोळे काही शिकत नाहीत. रोल ब्लॉक झाला की तुमच्या कॅरेक्टरकडं पोचणारं बटण आहे का ते एकेक करून बघा, सापडलं तर वहीत त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, नाही सापडलं तर तसं लिहा, ते पण कळलं पाहिजे. टेकनमधी थ्रो सोडवायचा तर येणाऱ्या हाताकडं बघायचं, डावा पुढं आला तर डाव्या पंचचं बटण, उजवा आला तर उजव्याचं, दोन्ही आले तर दोन्ही. हे एवढं कळलं की किंगविरुद्धची जोड तुमच्यासाठी त्याच आठवड्यात बदलते.

हात चालला नाही ह्याला वेळ लागतोय, तिथं घाई करू नका. ड्राईव्ह इम्पॅक्ट, म्हणजे अंगावर येणारा एक जोरदार मार, हे चांगलं उदाहरण आहे. तो लागायला 26 फ्रेम घेतो, म्हणजे सेकंदाच्या निम्म्यापेक्षा थोडं कमी, आणि वर दोन मार अंगावर झेलून पुढं येतो. माणसाला डोळ्यानं बघून बटण दाबायला साधारण 12 ते 15 फ्रेम लागतात, त्यात टीव्हीचा उशीर धरला तरी उलटा ड्राईव्ह इम्पॅक्ट मारायला वेळ आहे. मग लागतो का? कारण तुमचं लक्ष तेव्हा स्वतःच्या कॉम्बोवर असतंय. नवीन माणसाचं सगळं डोकं स्वतःच्या बोटांवर खर्च होतंय, समोर बघायला काही उरत नाही. म्हणून मी काय सांगतो, महिनाभर कॉम्बो निम्मा करा, तीन मारांचा करा, कमी डॅमेज घ्या, आणि मोकळं झालेलं लक्ष समोरच्याच्या उडीवर आणि इम्पॅक्टवर ठेवा. उद्यमबागेतल्या आमच्या एका दोस्तानं हे केलं, केनचा लांबलचक कॉम्बो सोडून दिला, आणि ज्या मारिसाला तो शिव्या द्यायचा तिच्याविरुद्ध त्याचं पान महिन्यात निम्मं रिकामं झालं. मारिसा काही बदलली नव्हती.

तोच दोस्त आधी म्हणायचा की वय झालं, आता हात चालत नाहीत, वय चौतीस. हांगझोऊच्या एशियन गेम्समधी 2023 ला स्ट्रीट फायटर फाईव्हचं गोल्ड कोरियाच्या किम ग्वान-वूनं घेतलं, तेव्हा तो 44 वर्षांचा होता. आणि कंट्रोलर साधा आहे म्हणून अडतंय असं वाटत असलं तर 2014 चा ईव्हो, म्हणजे फायटिंग गेमची मोठी टुर्नामेंट, बघा, अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोर फ्रान्सच्या लफीनं जिंकलं, कॅरेक्टर रोझ, आणि हातात पहिल्या प्लेस्टेशनचा जुना पॅड.

चुकीचं ठरवलं हा तिसरा प्रकार, ह्याचा मॅचअपशी सगळ्यात जवळचा संबंध आहे आणि ह्यावर मी थोडंच सांगू शकतो, कारण हे खेळून खेळूनच येतंय. एवढंच बघा की हरताना तुम्ही कुठल्या जागी उभे होता. झांगीफ असाल तर एक हात अंतरावर पोचायचं, गाईल असाल तर त्याला तिथं पोचू द्यायचं नाही. पान भरलं आणि मार वेगवेगळ्या मूव्हचा असला तरी सगळा एकाच अंतरावर लागलेला असतोय, बहुतेक वेळा. ते अंतर सोडा, पुढं तरी जा नाहीतर मागं तरी.

आता गणिताची एक गोष्ट, कारण "मॅचअप वाईट आहे म्हणून हरलो" हे वाक्य ह्यानं तपासता येतं. समजा जोड खरोखरच 6-4 आहे, तुम्ही चारच्या बाजूला आहात, आणि पहिला तीन मॅच घेईल तो जिंकला असा सेट आहे. तर शंभर सेटमधले साधारण 32 तुम्ही जिंकायला पाहिजेत, पहिला पाच मॅच घेईल तो जिंकला अशा सेटला पण 27 च्या आसपास. म्हणजे जवळपास तिनात एक. माझा भाचा सातात शून्य होता. सातात शून्य, दहात शून्य असं येत असलं तर त्यात कॅरेक्टरचा वाटा थोडा आहे, बाकीचा फरक दोघांच्या हातात, नाहीतर एखादी गोष्ट माहीत नसण्यात आहे. आणि हे ऐकायला कडू असलं तरी मला तर चांगलंच वाटतंय, कॅरेक्टरचं नशीब आपल्याला बदलता येत नाही, हे बदलता येतं.

नेटबद्दल पण बोललं पाहिजे, आमच्याकडं बऱ्याच पोरांचं सगळं ऑनलाईनच आहे, गावात दुसरं कोणी खेळणारं नसतंय. अथणीकडचा एक पोरगा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळायचा. ऑनलाईनमधी जोड बदलते हे लक्षात ठेवा. पिंग, म्हणजे नेटवरून जाऊन-येऊन लागणारा वेळ, 100 मिलिसेकंद असलं तर ते जाऊन-येऊन सहा फ्रेम झाले, आणि रोलबॅकमधी, म्हणजे नेटचा उशीर झाकायची गेमची जी पद्धत आहे त्यात, समोरच्याच्या मूव्हचे सुरुवातीचे काही फ्रेम तुम्हाला दिसतच नाहीत. त्यामुळं बघून पाडणाऱ्या कॅरेक्टरचं नुकसान आणि एकदम अंगावर येणाऱ्याचा फायदा. नेटवर ब्लँकाविरुद्ध हरालाय आणि माडीवर शेजारी बसून जिंकालाय असं असलं तर तुमची जोड ठीक आहे, लाईन खराब आहे. जमेल तर लॅन केबल घाला, वायफायपेक्षा बरीच स्थिर राहते. आणि पावसाळ्यात लाईट ये-जा करत असताना रँक मॅच लावूच नका, तेव्हा ट्रेनिंग करा.

मग कॅरेक्टर बदलायचंच नाही का? माझं मत, प्लॅटिनमच्या खाली एका वाईट जोडीसाठी कॅरेक्टर बदलू नका. बदला कधी, तर त्या कॅरेक्टरचं मुख्य काम तुम्हाला आवडत नसेल तेव्हा. लांबून मारत बसायचा जीव नसताना गाईल किंवा धालसिम घेतला असला तर तो सोडा, चार्ट काय का म्हणेना. आणि वर गेल्यावर, मास्टरच्या आसपास, जेव्हा वहीतलं एखादं पान सहा महिने भरतंच राहतंय आणि रेघा बहुतेक "चुकीचं ठरवलं" ह्याच रकान्यात पडालेत, तेव्हा त्या एका जोडीपुरता दुसरा कॅरेक्टर शिकायला हरकत नाही. 2013 च्या ईव्होला सिंगापूरच्या शियाननं स्ट्रीट फायटर फोर जेन घेऊन जिंकलं, दोन स्टान्सचा, म्हणजे उभं राहायच्या दोन पद्धती असलेला, अवघड कॅरेक्टर, फार कमी लोक खेळायचे. समोरच्यांना जेनविरुद्ध खेळायची सवय किती असणार, विचार करा. दुर्मिळ कॅरेक्टरचा हा फायदा खालच्या लेव्हलला पण आहे, फक्त तो समोरच्याला कळेपर्यंतच टिकतो, आमच्या चँगसारखा.

आणि तुम्ही कोणाबरोबर खेळता ह्यानं पण तुमचा चार्ट बनतो. आमच्या ग्रुपमधी जेपी हा कॅरेक्टर कोणीच खेळत नाही, त्यामुळं नेटवर जेपी आला की सगळ्यांचीच दाणादाण. लाहोरच्या अर्सलान ॲशनं 2019 ला फेब्रुवारीत ईव्हो जपान आणि ऑगस्टमधी लास व्हेगासचा ईव्हो, दोन्हीकडं टेकन सेव्हन जिंकलं, तोपर्यंत बाहेरच्यांना तिकडच्या खेळाची फारशी माहितीच नव्हती. तिथं दुकानात समोरासमोर बसून खेळणारे एकापेक्षा एक पोरं आहेत. तर ग्रुप छोटा असला तरी चालतो, पण त्यात महिन्यातनं एकदा प्रत्येकानं न येणारा कॅरेक्टर घेऊन बसायचं असं आम्ही ठरवलंय. गोकाकचा एक कन्नड बोलणारा दोस्त आता येतोय, तो मॅनन ही कॅरेक्टर खेळतोय, आमच्याकडं मॅनन नव्हती, पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना धुतलं आणि त्या रात्री सगळ्यांच्या वहीत एकेक नवीन पान झालं.

शेवटची आणि मला सगळ्यात आवडणारी तपासणी म्हणजे जोड उलटी करणं. ज्याच्याकडनं हरता त्याचं कॅरेक्टर तुम्ही घ्या, तुमचं त्याला द्या, आणि दहा मॅच खेळा. येत नसलं तरी चालेल, दोघांनाही येत नाही म्हणजे बरोबरीचंच झालं. तुम्ही तरी पण दहातले आठ हरलात तर कॅरेक्टरचा विषय डोक्यातनं काढा, समोरच्याला काहीतरी येतंय जे तुम्हाला येत नाही. चार-पाच जिंकलात तर त्या कॅरेक्टरमधी काहीतरी आहे, आणि ते आता तुम्ही स्वतः दाबून बघितलंय, कधी अडकतोय, कधी चार्ज नसतोय, कुठल्या मूव्हनंतर छातीत धस्स होतंय.

त्या रविवारी आम्ही हेच केलं. भाच्यानं गाईल घेतला, निपाणीकरानं झांगीफ. दुसऱ्याच मॅचला झांगीफची उडी आली आणि भाचा वर-किक दाबत राहिला, फ्लॅश किक निघालीच नाही, गाईल नुसता वर उडाला. तो थांबला आणि म्हणाला, "अरे, ह्याला पुढं चालल्यावर काय करताच येईना की." मी म्हटलं हे लिही. दहातले चार तो जिंकला. मग परत आपापले कॅरेक्टर घेतले. आता भाचा बूम पॅरी करायचा आणि गाईल एक पाऊल पुढं आला रे आला की उडी मारायचा, तेवढीच वेळ धरून. पहिले दोन हरला, पुढच्या पाचातले तीन जिंकला. निपाणीचा पोरगा हसत नव्हता, त्यानं स्वतःची वही काढली आणि झांगीफच्या पानावर लिहिलं, बसून हेवी पंच, रोज पन्नास. पुढच्या वेळी ही जोड परत गाईलकडं झुकणार हे मला दिसालंय, म्हणून भाच्याला खानापूरची गाडी पकडायच्या आधी सांगितलंय की उडीवर फार दिवस काढू नकोस, आतापासनंच पॅरी करून दोन पावलं चालायची सवय लाव.